गाणं हळूच विझवणारा डबा

रात्री अंथरुणावर पडल्यावर गाणं लावायला काहीच लागत नाही, फोन हाताशी असतोच. अवघड असतं ते बंद करणं. ज्याला झोप लागली तो बंद करू शकत नाही, आणि यंत्रावर सोपवलं तर यंत्र ते धाडकन बंद करतं. रेल्वेत झोपलेल्या माणसाला गाडी चालू असताना काही होत नाही; ती आडरानात उभी राहिली की मात्र डोळे उघडतात. फोनमधले बरेचसे स्लीप टायमर तेच करतात. तीस मिनिटं झाली की आवाज पूर्ण पातळीवरून एका क्षणात शून्यावर, आणि आत्ता कुठे लागलेली झोप मोडते.

ब्लूटूथ स्पीकर जोडला तर यात आणखी एक भर. गाणं थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटं काही आलं नाही की अनेक स्पीकर आपणहून बंद होतात, आणि बंद होताना ‘टुंग’ करतात किंवा चक्क इंग्रजीत तसं सांगतात. या घोषणेचा आवाज गाण्याच्या आवाजाशी बांधलेला नसतो. गाणं कुजबुजीएवढं असलं तरी घोषणा हॉलमध्ये ऐकू जाईल इतकी मोठी. बॅटरी संपत आल्याची सूचनाही तशीच, आणि ती नेमकी पहाटे येते.

जुना फोन उशाशी ठेवून हे जमतं का, तेही करून पाहता येतं: सिम काढायचं, गाणी आत भरायची, व्हीएलसीसारखं टायमर असलेलं अ‍ॅप घालायचं. गाणी वाजतात, पण फोन कायम चार्जरला लावून ठेवला की लिथियम बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर राहते आणि काही महिन्यांनी पाठीकडून फुगायला लागू शकते. उशापासून हातभर अंतरावर फुगलेली बॅटरी नको. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असलेला फोन असेल तर वेगळी गोष्ट. जुन्या फोनांत ती सहसा नसते. शिवाय पडदा आलाच. गाणं बदलायला म्हणून उचललेला फोन गाणं बदलून खाली ठेवला जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून पडदा नसलेला, बॅटरी नसलेला, एकच गोल खटका असलेला डबा जुळवला. एकदा दाबला की रात्रीचं गाणं सुरू, आणि पुढे आवाज इतक्या संथपणे उतरतो की तो कधी संपला ते कळत नाही.

मेंदू म्हणून रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, पुढे नुसता ‘पाय’. हा एका बोर्डावरचा छोटा संगणक २०२१च्या ऑक्टोबरात आला. मेमरी ५१२ एमबी, गाण्यांसाठी भरपूर. त्यावर हेडफोनचं भोक नाही, म्हणून आवाजासाठी मॅक्स ९८३५७ए हा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा अ‍ॅम्प्लिफायर. तो आय-टू-एस या डिजिटल वाटेने आवाज घेतो आणि सरळ स्पीकरला देतो; डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा भाग, वेगळा लागत नाही. ४ ओहमच्या स्पीकरवर ३ वॅटच्या आसपास देतो. निजायच्या खोलीत त्याचा दहावा हिस्साही वापरला जात नाही. एक ३ इंची, ४ ओहमचा फुल रेंज स्पीकर, एक केवाय-०४० एन्कोडर (फिरवता आणि दाबता येणारा तो गोल खटका), घड्याळासाठी डीएस३२३१ मॉड्यूल, १६ जीबीचं चांगल्या प्रतीचं कार्ड, बुटका पेनड्राइव्ह, ओटीजी केबल आणि ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा अडॅप्टर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. पिनांची पट्टी आधीच डाखलेला (सोल्डर केलेला) पाय मिळाला तर तोच घ्यावा. चाळीस पिनांचं डाखकाम पहिल्याच प्रयोगाला नको.

जोडणी अशी. पिन मोजताना कार्डाच्या बाजूच्या टोकाची आतली पिन म्हणजे १, तिच्या शेजारची कडेची २. आतल्या रांगेत विषम, कडेच्या रांगेत सम. अ‍ॅम्प्लिफायरचा व्हीआयएन २ नंबरला, ग्राउंड ६ला, बीसीएलके १२ला, एलआरसी ३५ला, डीआयएन ४०ला. या तारा वीतभरापेक्षा लांब नकोत, नाहीतर अधूनमधून खरखर येते. स्पीकरच्या दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन टोकांनाच जोडायच्या. हा ब्रिज पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, म्हणजे स्पीकरचं एक टोक ग्राउंडला लावायची जुन्या टेपरेकॉर्डरची सवय इथे चालत नाही. चिप गरम होऊन बंद पडते.

एन्कोडरचा प्लस १७ नंबरला, ग्राउंड ३०ला, सीएलके २९, डीटी ३१, एसडब्ल्यू ३३. प्लसला ३.३ व्होल्टच द्यायचे, ५ नव्हे. या मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर प्लसला जोडलेले असतात, त्यामुळे ५ दिले की ते ५ पायच्या पिनांवर पोचतात, आणि त्या पिना ३.३च्या वर सहन करत नाहीत. बाजारातल्या कित्येक आकृत्यांत ५ व्होल्ट दाखवलेले असतात, कारण त्या आर्डुइनोसाठी काढलेल्या.

घड्याळाच्या मॉड्यूलचा प्लस १ला (हेही ३.३), एसडीए ३, एससीएल ५, ग्राउंड ९. इथे सेलची एक मेख आहे. स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं छोटं सर्किट असतं, आणि दुकानदार त्यात साधा सीआर२०३२ बसवून देतो, जो चार्ज करायचा नसतो. ५ व्होल्टवर चालवलं तर हा सेल हळूहळू चार्ज होत राहतो आणि फुगू शकतो. ३.३वर चालवलं की मधल्या डायोडमध्ये व्होल्टेज पडतं आणि सेलपर्यंत चार्ज करण्याइतकं पोचतच नाही. तेवढ्यावर विश्वास नसेल तर चार्जिंगच्या वाटेतला २०० ओहमचा इवलासा चपटा (एसएमडी) रेझिस्टर डाखणीने काढून टाकावा. मी काढतोच.

डब्याबद्दल. स्टीलचा डबा देखणा दिसतो, पण त्याची भिंत वाजते. षड्ज लागला की झाकण गुणगुणतं. एमडीएफ किंवा जाड प्लायवूडचा साधारण लिटर-सव्वा लिटर पोकळीचा बंद खोका बरा. आत थोडा पिंजलेला कापूस सैलसर भरायचा, पण तो पायच्या चिपवर नको; पाय आणि अ‍ॅम्प्लिफायरसाठी मागे वेगळा कप्पा. तळाला रबरी बुटं लावायची, नाहीतर पलंगाच्या फळीवर ठेवलेला खोका अख्खा पलंग वाजवतो आणि शेजारी झोपलेल्याला मंद्र सप्तक पाठीतून ऐकू येतं.

३ इंची स्पीकरकडून खर्जाची अपेक्षा ठेवू नये. काळी एकचा सा १३९ हर्ट्झच्या आसपास, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ला. एवढा छोटा स्पीकर तिथपर्यंत उतरत नाही. तरी तानपुरा पोकळ वाटत नाही, कारण जवारीमुळे त्या तारेतून वरचे स्वर भरपूर निघतात आणि त्यांच्या आधाराने कान मूळ स्वर आपणहून धरतो. पखवाजाची थाप मात्र खरोखर कमी पडते. रात्री तिचं कमी पडणं परवडतं.

कार्डावर रास्पबेरी पाय ओएस लाइट घालायचं, डेस्कटॉपवालं नको. कार्ड लिहितानाच इमेजर या कार्ड लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये वायफायचं नाव, पासवर्ड, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून पायला आज्ञा द्यायची सोय) आणि टाइमझोन भरून घ्यावा. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू असेल तर पायला ते नेटवर्क दिसणारच नाही आणि तासभर पासवर्ड तपासण्यात जाईल. टाइमझोन भरला नाही तर घड्याळ लंडनचं राहतं. सकाळचा सहाचा गजर मग आपल्याकडे साडेअकराला वाजतो, त्यांच्या उन्हाळ्यात साडेदहाला. फरक ऋतूप्रमाणे बदलतो म्हणून कारण लवकर सापडत नाही.

कार्ड संगणकात घातलं की बूटचा भाग उघडतो, त्यात कॉन्फिग नावाची मजकुराची फाइल असते. तिथे पायच्या अंगच्या ऑडिओची ओळ बंद करायची, अ‍ॅम्प्लिफायर ओळखण्यासाठी हायफायबेरी डॅकच्या ओव्हरलेची ओळ घालायची आणि घड्याळासाठी आय-टू-सी (ते ज्या वाटेने पायशी बोलतं ती) व डीएस३२३१च्या ओळी. पाय सुरू झाल्यावर एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेयर डीमन, हे पॅकेज बसवायचं. ते पडद्यामागे बसून गाणी वाजवतं आणि छोट्या आज्ञांनी चालतं. खटक्याचं काम पायथनच्या जीपीआयओ-झीरो लायब्ररीतल्या रोटरी एन्कोडर आणि बटण या दोन तयार वर्गांनी तीसेक ओळींत होतं. खटका फिरवताना आवाज एकदम दोन घरं उडी मारत असेल तर तो एन्कोडरच्या पत्र्याचा थरकाप असतो. सीएलके आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा, डीटीलाही एक. प्रोग्राममध्ये डोकं घालण्यापेक्षा हे दोन रुपयांचं औषध लवकर लागू पडतं.

पहिल्या दिवशी गाणं वाजलं की बरेच जण थांबतात. खरं काम तिथून पुढे.

पहिली अडचण ‘टक्’. आय-टू-एसचा क्लॉक, म्हणजे त्या वाटेवरचा ठेका देणारा सिग्नल, थांबला किंवा सुरू झाला की हा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरमधून एक टिचकी मारतो. दिवसा ती लक्षातही येत नाही. पण अर्धा तास हळूहळू आवाज उतरवून शेवटी एमपीडी थांबतं, क्लॉक बंद होतो आणि अगदी शांत खोलीत ‘टक्’ होतं. सगळ्या मेहनतीवर पाणी. उपाय असा की क्लॉक थांबूच द्यायचा नाही. अल्सा या लिनक्सच्या ध्वनिप्रणालीत डीमिक्स लावून दोन प्रवाह एकत्र चालतील अशी सोय करायची आणि एका छोट्या सर्व्हिसने त्यातला एक प्रवाह म्हणून चोवीस तास निव्वळ शून्यं, म्हणजे शांतता, वाजवत ठेवायची. एमपीडीला सरळ कार्डाकडे न पाठवता या डीमिक्समधून जायला सांगायचं. विजेचा खर्च नगण्य. मग एकच ‘टक्’ उरते, डब्याला वीज देतानाची.

दुसरी अडचण फुसफुस. रात्री दोनला पंखा बंद असताना अ‍ॅम्प्लिफायरची सूक्ष्म फुसफुस ऐकू येते, आणि ती आवाजाच्या खटक्याने कमी होत नाही, कारण खटका डिजिटल बाजूला आहे. ती कमी होते गेन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आवाज किती पट वाढवतो ते प्रमाण, उतरवून. मॅक्स ९८३५७एची गेन पिन मोकळी ठेवली तर ९ डेसिबल, सरळ व्हीआयएनला जोडली तर ६, आणि १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून व्हीआयएनला जोडली तर ३. उशाशी ३ पुरतात.

या गेनचा दुसरा फायदा आवाज उतरवताना मिळतो, आणि तो जास्त मोलाचा आहे. एमपीडीमध्ये आवाजाची पातळी सॉफ्टवेअरवर ठेवली की ० ते १०० अशी मोजपट्टी मिळते. ती सरळ रेषेत नाही, कानाला मानवेल अशा वक्रावर आहे. ६० वरून ५९ला आलं तर फरक अर्ध्या डेसिबलहूनही कमी, तो कुणालाही कळत नाही. पण १०च्या खाली एकेक पायरी एका डेसिबलहून मोठी होते, ५ वरून ४ला येताना दोन डेसिबल, आणि २ वरून १ला येताना तब्बल सहा. म्हणजे शेवटच्या पायऱ्या उंच आहेत. त्या कळू द्यायच्या नसतील तर तिथे पोचेपर्यंत गाणं खोलीतल्या मूळ आवाजाखाली बुडालेलं हवं. गेन ९ असेल तर झोपताना पुरेसा आवाज साधारण ४५वर मिळतो. तोच गेन ३ला ६०वर मिळतो. उतरायला जिना लांब मिळतो आणि उंच पायऱ्या पंख्याच्या घरघरीत लपतात.

वेळापत्रक असं बसलं: पहिली वीस मिनिटं ६०वर, मग दर तीस सेकंदांनी एक पायरी खाली, म्हणजे अर्ध्या तासात शून्य. नंतर दोन मिनिटं शून्यावर गाणं चालू ठेवून मग थांबवणं. खटका मधेच दाबला तर पातळी एका मिनिटात पुन्हा ६०पर्यंत चढते आणि पंधरा मिनिटं वाढतात. लगेच चढवायची नाही. झोपमोड झालेल्याच्या कानावर आदळते.

इथे ऋतूही लक्षात घ्यावा लागतो. गाणं संपल्यासारखं वाटतं ते पातळी शून्यावर आल्यावर नव्हे, पंख्याच्या आवाजाखाली गेल्यावर. मे महिन्यात पंखा पाचवर असताना १५ला गाणं नाहीसं होतं. डिसेंबरात पंखा बंद, खिडक्या बंद, तेव्हा तेच गाणं ४लाही ऐकू येतं आणि दोन-दोन डेसिबलच्या पायऱ्या स्पष्ट कळतात. म्हणून थंडीत सुरुवात ४५वरून करायची आणि जोडीला ब्राउन नॉइजचा एक थर अगदी खालच्या पातळीवर रात्रभर ठेवायचा. व्हाइट नॉइज नको, त्यात वरच्या स्वरांचा फिस्कारा असतो. ब्राउन नॉइज दर सप्तकाला सहा डेसिबलने उतरतो, म्हणून लांबच्या धबधब्यासारखा लागतो. त्याची फाइल सॉक्स नावाच्या आज्ञेने किंवा ऑडॅसिटीत एका मिनिटात तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्ये निजायच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबलची पातळी सुचवली होती. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्याने ती वाचून हसून घ्यावं आणि ब्राउन नॉइजची पातळी दोन घरं वाढवावी.

आता गाणी. डब्याचं निम्मं यश इथे आहे, आणि इथेच लोक कमी वेळ देतात.

रात्रीचे राग म्हणून मालकंस, दरबारी, बागेश्री, बिहाग अशा पूर्ण मैफली भरल्या तर चालेल असं वाटतं. चालत नाही, कारण ख्यालाची रचनाच उलटी आहे. विलंबित एकतालात सुरुवात होते, चाळीस मिनिटांनी द्रुत लागतं, ताना सुरू होतात, तबलजी मोकळा सुटतो आणि शेवटी टाळ्या. झोपणाऱ्याला हवा उतार, मैफलीत असतो चढ. डब्याने आवाज उतरवायला घेतला तोवर गवई वर चढायला लागलेला असतो. म्हणून फाइल कापावी लागते. ऑडॅसिटीत उघडून द्रुत बंदिशीच्या आधी, विलंबिताच्या एखाद्या समेनंतर कापायचं आणि शेवटच्या तीस सेकंदांना फेड आउट. धृपदाचा आलाप याहून सोयीचा, ताल नाही की ठेका नाही. पण तोही जोड-झाल्याकडे, म्हणजे लय धरून वेग वाढवणाऱ्या भागाकडे, जातोच. जोड सुरू व्हायच्या आत कापावा. सरोद-सतारीला तोच नियम, फक्त जोड लवकर येतो. तरफांची झंकार काहींना जागी ठेवते, त्यांनी बासरीकडे वळावं.

नाट्यसंगीत या कामाचं नाही. कितीही आवडलं तरी नाही.

भावगीतांची आणि जुन्या चित्रपटगीतांची अडचण वेगळी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. तो साचा पुढेही बराच काळ टिकला. म्हणजे दर तीन मिनिटांनी एक शेवट, एक नवी सुरुवात, नवा वाद्यमेळ. प्रत्येक सुरुवातीला कान टवकारतात, आणि शब्द पाठ असले तर मन पुढची ओळ आधीच म्हणत बसतं. गाण्यांच्या मधे क्रॉसफेड (एक विरत असतानाच दुसरं वर येणं) लावला की हे मिटेल असं वाटतं. प्रत्यक्षात एकाचा सा काळी एक आणि दुसऱ्याचा काळी दोन असेल तर आठ-दहा सेकंद दोन षड्ज एकमेकांवर घासतात, आणि जरा स्वरज्ञान असलेला माणूस ताडकन उठून बसतो. क्रॉसफेड फक्त एकाच पट्टीतल्या फाइलींच्या फोल्डरला लावावा. इतरांना फाइलीतच सुरुवातीला पाच सेकंदांचा फेड इन, शेवटी पंधराचा फेड आउट.

नुसता तानपुरा हा सर्वांत सोपा मार्ग, पण तिथे एमपी३ दगा देतो. या पद्धतीत एन्कोडर फाइलीच्या आगेमागे थोडी शांतता भरतो. एक मिनिटाचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवला की दर मिनिटाला एक सूक्ष्म खंड पडू शकतो, आणि अंधारात कान त्याचीच वाट पाहायला लागतो. फ्लॅक किंवा ओपसमध्ये ही अडचण नाही. तुकडा कापताना पंचमाची तार छेडायच्या अगदी आधी कापायचा, म्हणजे आवर्तन पुरं होतं. शक्यतो एक तासाची सलग फाइलच करावी. जागा काही कमी नाही.

शेवटी सगळ्या फाइलींची पातळी सारखी करणं. जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणं बऱ्याचदा उणे २० ते २५ एलयूएफएसला (कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजायचं माप) असतात, अलीकडची चित्रपटगीतं उणे ८-१०ला. मधला फरक बारा-पंधरा डेसिबलचा. मालकंसानंतर चुकून तसं गाणं आलं तर शेजारीही उठतील. आरएसगेन हा छोटा प्रोग्राम पूर्ण फोल्डरवर चालवला की प्रत्येक फाइलीत रीप्लेगेनची खूण बसते आणि एमपीडीमध्ये रीप्लेगेन ‘ट्रॅक’वर ठेवलं की सगळं उणे १८ला येतं. एका रागातल्या आतल्या चढउतारासाठी मात्र हे पुरत नाही. मंद्रातला स्वर आणि तार षड्ज यांत पंधरा-वीस डेसिबलचं अंतर असू शकतं. ऑडॅसिटीतला कंप्रेसर ३:१ला, अगदी हलका, लावून घ्यावा. हेडफोनवर ऐकणारा रसिक याला पाप म्हणेल. त्याच्यासाठी मूळ फाइल वेगळी ठेवावी.

वीज जाण्याबद्दल. पाय बंद करायची रीतसर पद्धत असते, आणि महावितरण ती पाळत नाही. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइलप्रणाली बिघडते. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये परफॉर्मन्सच्या पर्यायांत ओव्हरले फाइल सिस्टिम आहे. ती चालू केली की कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळे बदल मेमरीत राहतात आणि बंद होताना पुसले जातात. गाणी पेनड्राइव्हवर, तीही फक्त वाचायच्या पद्धतीने माउंट केलेली.

वीज परत येते तेव्हाची गंमत निराळी. एमपीडीला आपण कुठे होतो ते आठवतं, आणि पहाटे तीनला दिवे आले की ते मोठ्या उत्साहाने गाणं पुढे सुरू करतं. त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘रिस्टोर पॉज्ड’ हा पर्याय ‘येस’ करायचा. मग सुरू होताना ते थांबलेल्या अवस्थेतच राहतं. ओव्हरले चालू करायच्या वेळी गाणं चालू होतं की बंद, हीच अवस्था कार्डावर गोठते, म्हणून आधी गाणं थांबवून, पातळी ६०ला आणून मगच ओव्हरले लावायचा. पुढे काही बदलायचं असेल तर ओव्हरले बंद, रीबूट, बदल, ओव्हरले चालू, पुन्हा रीबूट. कंटाळवाणं आहे, पण कार्ड टिकतं.

अडॅप्टर हलका असेल किंवा केबल लांब-बारीक असेल तर तार स्वराला आवाज फाटतो. व्होल्टेज पडून वेग घटला होता का हे सांगणारी थ्रॉटलिंगची आज्ञा पायला दिली की शून्य उत्तर यायला हवं. पाच आणि पुढे चार शून्यं आली तर मागे केव्हातरी व्होल्टेज पडलं होतं. आधी केबल बदलावी, नंतर अडॅप्टर.

दिवे झाकायला काळी इन्सुलेशन टेप. पायचा हिरवा, घड्याळाच्या मॉड्यूलचा लाल, पेनड्राइव्हचा निळा. निळा सर्वांत आधी. डोळ्यातल्या ज्या पेशी शरीराला दिवस-रात्र कळवतात त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त जागतात. पेनड्राइव्हचा दिवा शिवाय गाणं वाचताना लुकलुकतो.

मनगटी बँडवरून डब्याचा गुण ठरवू नये. बँड मुख्यतः हालचाल आणि नाडी पाहून झोप ओळखतो. निश्चल पडून आलाप ऐकणारा जागा माणूस त्याच्या लेखी झोपलेला असतो, म्हणून ‘पाच मिनिटांत झोप’ असा सुखद आकडा येतो. झोपेचे टप्पे नीट मोजायचे तर डोक्याला तारा लावून प्रयोगशाळेतच. घरगुती पुरावा हवा असेल तर खटका बरा: प्रत्येक दाबण्याची वेळ पेनड्राइव्हच्या दुसऱ्या छोट्या भागात लिहून ठेवायची. शेवटचं दाबणं सव्वाबाराला असेल तर सव्वाबारापर्यंत माणूस जागा होता हे नक्की, त्यावर वाद नाही. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थांनी २०१५मध्ये प्रौढांसाठी सात तास किंवा जास्त झोप सुचवली. त्यातले किती तास हातात राहतात ते या नोंदीवरून आणि गजराच्या वेळेवरून सरळ वजाबाकीने निघतं.

गजरही याच डब्यात ठेवता येतो. सहाला वाजवायचा तर पाच पन्नासला तानपुरा १ला सुरू करायचा आणि दहा मिनिटांत ५०पर्यंत चढवायचा; ब्राउन नॉइज तेव्हाच बंद. यासाठी घड्याळाचं मॉड्यूल हवंच. पायला स्वतःचं घड्याळ नाही, तो इंटरनेटवरून वेळ घेतो. रात्री दोन तास वीज गेली आणि परतल्यावर राउटरने जोडणी धरली नाही तर पायची वेळ मागेच राहते आणि गजर भलत्याच वेळी होतो. डीएस३२३१ बसवल्यावर हा प्रश्न सुटतो. पण वीज सहालाच गेलेली असली तर मॉड्यूल काय करणार? सकाळची गाडी पकडायची असेल त्या दिवशी सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ सहा पाचला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो.